साड्या ऑनलाइन विकते, जीएसटी घ्यावा लागेल का?

इचलकरंजीहून माल आणून इन्स्टावर साड्या विकते, वर्षाला साधारण १२-१३ लाखाची विक्री, पैसे सगळे यूपीआयवर. शेजारचा दुकानदार म्हणतो बिलच करू नको, कोण बघतंय. मला रात्री झोप लागत नाही हो. नक्की नियम काय आहे?

— ताई, मालासाठी ४० लाखांपर्यंत नोंदणी नाही लागत, पण हे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकलं तरच. बेळगावला किंवा इंदूरला एक जरी पार्सल गेलं तर ४० लाखांची सूट विसरा, नंबर घ्यावाच लागतो, इथेच बरेच जण फसतात.

— आणि इन्कम टॅक्स वेगळा बरं का!! जीएसटी नाही म्हणजे टॅक्सच नाही असं समजू नका. छोट्या धंद्यांसाठी अंदाजे नफ्यावर टॅक्स भरायची सोय आहे (१९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं कलम ४४एडी), ती बघा, बँकेतून आलेल्या विक्रीवर निदान ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं, रोखीवर ८. वह्या ठेवायचं झंझट नाही.

— कोण बघतंय म्हणणाऱ्याला २०२५ च्या जुलैमधलं बंगळुरू आठवा म्हणावं, यूपीआयचे आकडे काढून छोट्या दुकानदारांना नोटिसा आल्या, मग लोकांनी क्यूआर कोड काढून "फक्त रोख"च्या पाट्या लावल्या. त्यात भाजी-दूधवालेही होते, त्यांच्या मालावर तर टॅक्सच नाही, तरी धावपळ झालीच.

— आमच्या मार्केटात "पक्कं बिल की कच्चं" असं तोंडावर विचारतात, आपण पक्कं दिलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात.

— मूळ प्रश्नवाली: अय्यो, हुबळीला ४ पार्सलं गेलीत माझी. उद्याच सीएकडे जाते.