सायकलचा शॉकअप काढून साधा चिमटा (बिनस्प्रिंगचा फोर्क) घालावा का? माझं मत: घालावा

उचगावकर
माझी २९ इंची हार्डटेल सायकल आहे (शॉकअप फक्त पुढं), चार वर्षं झाली. पुढं १०० मिमीचा स्प्रिंगचा शॉकअप. रोज उचगाव ते शिरोली एमआयडीसी, रविवारी जोतिबा नाहीतर पन्हाळा. या पावसाळ्यानंतर डाव्या नळीवर तांबेरा आलाय, सीलच्या कडेला चैत्र यात्रेचा गुलाल अजून चिकटून आहे, आणि पुढचा ब्रेक दाबला की हँडलमध्ये टक् वाजतं. मिस्त्री म्हणाला, बुश (नळी ज्यातनं सरकते त्या आतल्या बांगड्या) गेलेत, याचे बुश सुटे मिळत नाहीत, नवाच घाला.

नवा तसलाच घालायच्या आधी एक प्रयोग केला. नळीला केबल टाय बांधला, सीलला टेकवून. शॉकअप जेवढा दबेल तेवढा तो सरकतो. केर्लीवरून जोतिबा चढलो, देवळापाशी चहा घेतला, उतरलो. टाय किती सरकला असेल? ३१ मिमी. १०० पैकी! मग शॉकअप उतरवून भावाच्या दुकानातल्या काट्यावर ठेवला: २ किलो ५८० ग्रॅम. स्टीलचा साधा चिमटा ११००-१२०० ग्रॅमचा असतो. म्हणजे दोन भरलेल्या बाटल्यांएवढं ओझं मी चार वर्षं जोतिबाला वाहून नेतोय, नवस नसताना.

लॉकआऊटचं (शॉकअप दबू न देणाऱ्या खटक्याचं) सांगू नका. तो खटका दुसऱ्याच वर्षी तुटला, आणि असता तरी वजन काय कमी करणार होता?

केर्लीफाटा
भावा, टाय ३१ वर थांबला म्हणजे तुला ३१ चीच गरज आहे, हे कुठलं गणित? तुझा शॉकअप जाम झालाय. गंजलेल्या नळीवर तो सरकणार कसा? गुडघा धरलेल्या माणसाला पळवायचं आणि म्हणायचं, बघा, याला पायच लागत नाहीत.

माझा रस्ता बालिंगा ते शहर. ऊस हंगामात रात्री ट्रॉल्यांच्या मागनं येऊन बघ एकदा. समोरून लाईट डोळ्यावर, खाली सांडलेला ऊस, आणि डांबराची कड कुठं तुटलीय ते चाक आत गेल्यावरच कळतं. तिथं साधा चिमटा तुला हँडलवरून पुढं टाकेल. हवेवरचा शॉकअप घे. स्प्रिंगवाल्यापेक्षा हलका, आणि तुझ्या वजनाप्रमाणं हवा भरता येते. पैसे जास्त जातात, पण एकदाच.

मसाईवाली
मी दोन वर्षं साधा चिमटा वापरतेय, मसाई पठारावरसुद्धा. जांभ्याची खडबड हाताला लागते, नाही म्हणत नाही. पण खरा शॉकअप टायर असतो, हे लोक विसरतात. आपल्याकडं दुकानातून निघतानाच टायर ५० पीएसआयला टम्म फुगवून देतात आणि मग म्हणायचं सायकल आपटते! माझं वजन ५५ किलो, टायर २.३५ इंची, ट्यूबलेस, पुढं २० पीएसआय. उचगावकर, तुमचं वजन जास्त असणार, तुम्ही २६-२८ पासून सुरू करा. ट्यूब असेल तर अजून थोडी जास्त ठेवा, नाहीतर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात.

केर्लीफाटा
ताई, ५५ किलोला जे चालतं ते ८० किलोला चालेलच असं नाही. आणि टायर छोटी थरथर खातो, मोठा धक्का नाही. मी आधी साध्या चिमट्यावरच होतो. गगनबावड्याला जाऊन आलो तर दोन दिवस करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. डॉक्टर म्हणाले, तळव्याच्या कडेची नस दबते.

मसाईवाली
ती नस हँडल खाली असलं, हातावर भार आला की शॉकअप असतानाही दबते. ग्रिप कुठल्या होत्या? गोल रबरी का?

केर्लीफाटा
गोलच होत्या. पण म्हणून मुद्दा बदलत नाही.

खरी कॉर्नर
एवढं कशाला, उद्यमनगरात जाऊन जाड पाइपचा चिमटा वेल्डिंग मारून घे की. नाद खुळा होईल. कोल्हापुरात काय बनत नाही?

लेथवाला
माझी हयात उद्यमनगरात गेली, म्हणून सांगतो. तिथं पंप बनव, गेट बनव, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ बनव. चिमटा बनवू नको. डिस्क ब्रेकचा सगळा पीळ एकट्या डाव्या पायावर येतो. वेल्डच्या शेजारचा पट्टा उष्णतेनं बदललेला असतो, तडा तिथंच धरतो, आणि रंगाखाली दिसत नाही. मागची नळी तुटली तर माणूस खाली बसतो. चिमटा तुटला तर तोंडावर. व्ही-ब्रेकच्या (रिमला धरणाऱ्या ब्रेकच्या) जुन्या चिमट्याला डिस्कची पट्टी जोडणं हाही तोच धंदा.

उचगावकर, शॉकअप चांगला का चिमटा, या भांडणात मी नाही. पण तुम्ही माप लिहिलेलं नाही. चाकाच्या आसापासून हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) खालच्या रेसच्या बैठकीपर्यंत नळीला समांतर मोजा. २९ च्या १०० मिमीवाल्याचं ५०० च्या आसपास भरेल. त्यातनं तुम्ही बसल्यावर तो जेवढा दबतो तेवढं वजा करा, साधारण २० मिमी. त्या मापाचा चिमटा शोधा. दुकानदार २६ इंचीचा आखूड चिमटा 'बसतोय की' म्हणून गळ्यात मारेल. २० मिमी आखूड झाला की हेड अँगल (फ्रेमच्या पुढच्या नळीचा कल) साधारण एक अंश उभा होतो, सायकल उतारावर वळवळते, पॅडल दगडाला घासतं. त्याहून आखूड असेल तर २९ चं चाक वर घासेल.

दुसरं, फ्रेमची हेडट्यूब (चिमट्याचा दांडा ज्यातनं जातो ती नळी) सरळ आहे का खाली रुंद होणारी? आणि हब क्विक रिलीजचा (खटक्यानं चाक सुटणारा) का १५ मिमी आसाचा? हे न बघता ऑनलाइन मागवलेले तीन चिमटे आमच्या गल्लीत खुंटीला टांगलेत.

उचगावकर
काका, मोजलं. रेसपासून आसापर्यंत ५०३. भावाला धरायला लावून सायकलवर बसलो तर फक्त ९ मिमी दबला.

केर्लीफाटा
९!! म्हणालो होतो का नाही, जाम आहे?

उचगावकर
मान्य, जाम आहे. टायचा प्रयोग मागे घेतो. पण हेच तर म्हणतोय मी. स्वस्तातला शॉकअप आपल्या पावसात दोन वर्षांत असा होतो, आणि त्यानंतर आपण अडीच किलोचा साधा चिमटाच चालवत असतो, फक्त कळत नाही.

लेथवाला
हे मात्र खरं बोललात. ९ सोडा, २० धरा. ४८०-४८५ चा बघा.

जुना राजवाडा
१९९० च्या आधी डोंगरातल्या सायकली बिनशॉकअपच्याच होत्या. रॉकशॉक्स त्या सुमारास आला. आम्ही तर दूधवाल्याच्या सायकलवर पन्हाळा चढलोय.

मसाईवाली
चढलात काका, पण वाघबिळापासून पुढं ढकलत का बसून?

जुना राजवाडा
ढकलत. उतरताना बसून.

उचगावकर
हेडट्यूब सरळ, हब क्विक रिलीजचा, ब्रेक डिस्कचा. ४८५ चा स्टीलचा चिमटा मिळतोय, डिस्क ब्रेक बसवायच्या जागेसकट. पण कॅलिपर (डिस्क धरणारा ब्रेकचा जबडा) बसवायची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी दिसते, अ‍ॅडॅप्टर लागेल. मागवतोय.

केर्लीफाटा
मागव. माझं मत तेच. पुढच्या आठवड्यात ट्रॉल्या सुरू होतील, तेव्हा रात्री नऊला बालिंग्याच्या पुलापाशी ये. माझी हवेवाली तू चालव, तुझी मी चालवतो, रंकाळ्यापर्यंत. आणि पुढच्या टायरमध्ये ताई सांगतात तेवढीच हवा भरून ये, नंतर ५० होती म्हणून रडायचं नाही.

मसाईवाली
मी गेज घेऊन येते.