मदत हवी आहे : शिकारीच्या हंगामापूर्वी व्हाइटटेल नराचे वय छायाचित्रावरून कसे ठरवावे? (टेक्सास)

नमस्कार मंडळी,

टेक्सासच्या फेयेट काउंटीत, ला ग्रेंजजवळ, आमच्या एका परिचितांचे रँच आहे. तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची नोंद ठेवण्याचे काम त्यांनी या वर्षी माझ्याकडे सोपवले आहे. बंदुकीचा सर्वसाधारण हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. त्यापूर्वी ट्रेल कॅमेऱ्यांची (जनावर समोरून गेले की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची) छायाचित्रे तपासून कोणत्या नराला या वर्षी हात लावायचा नाही, याची यादी मला द्यायची आहे. पाडसे उन्हाळ्याच्या सुरुवातीला जन्मतात, त्यामुळे हंगामात प्रत्येक नराचे वय दीड, अडीच, साडेतीन असेच मोजले जाते, आणि साडेचार वर्षांखालचा नर मारायचा नाही असा रँचमालकांचा दंडक आहे.

राज्याचा नियम निराळा आहे. या काउंटीत ज्याच्या दोन शिंगांमधील आतले अंतर किमान १३ इंच आहे, किंवा ज्याचे निदान एक शिंग बिनफाट्याचे आहे, असाच नर मारता येतो. येथे कोवळ्या वयाचे नर फार मोठ्या प्रमाणात मारले जात असल्यामुळे २००२ मध्ये प्रथम सहा काउंट्यांत, फेयेटसह, शिंगांवर आधारलेले निर्बंध प्रायोगिक स्वरूपात आणले गेले. त्याचा उपयोग निश्चितच झाला आहे. परंतु चांगला चारा मिळालेला एखादा अडीच वर्षांचा नरही १३ इंच ओलांडतो, तेव्हा कायद्याने चालणारा नर आणि पूर्ण वाढलेला नर यांत फरक करण्याची जबाबदारी शेवटी बघणाऱ्यावरच येते.

शिंगांचा मला आधार वाटत नाही. काळविटाची शिंगे आयुष्यभर टिकतात आणि नराचा रंग वयानुसार गडद होत जातो, म्हणून रेहेकुरीच्या माळावर लांबून पाहूनही थोडा अंदाज बांधता येतो. व्हाइटटेलची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. त्यांचा आकार वयाइतकाच त्या वर्षीच्या चाऱ्यावर आणि आनुवंशिकतेवर अवलंबून असतो, त्यामुळे फाटे मोजून वय सांगणे मला पटत नाही. बैल जसा दोनदाती, चारदाती किंवा जुळलेला म्हणून बाजारात तोंड उघडून पाहता येतो, तशीही सोय येथे नाही. दाढांवरून वय ठरवण्याची पद्धत आहे, पण ती जनावर मेल्यानंतरची.

म्हणून मी शरीराच्या ठेवणीकडे पाहतो. दीड वर्षाचा नर ओळखू येतो : मान बारीक, पाय लांब, अंग मादीसारखे सडपातळ. साडेपाचच्या पुढचा नरही बहुधा कळतो, कारण पोट आणि छाती खाली उतरल्याने पाय आखूड दिसू लागतात. माझी सारी अडचण मधल्या दोन वयांची, साडेतीन आणि साडेचारची, आहे.

विशेषतः एका नराविषयी विचारायचे आहे. त्याला दहा फाटे आहेत आणि शिंगांचा विस्तार १३ इंचांहून उघडच अधिक आहे. ऑगस्टच्या छायाचित्रांत, शिंगांवर मखमली आवरण असताना, त्याची कंबर बारीक आणि मान सडसडीत दिसते. आता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील छायाचित्रांत तोच नर बराच भरलेला वाटतो, पण ती सर्व रात्रीची असून मक्याच्या फीडरजवळ मान खाली घालून खातानाची आहेत. रँचवरील दोघे त्याला साडेचारचा म्हणतात, मला तो साडेतीनचा वाटतो. शिंगे पाहूनच त्यांचे मत झाले असावे अशी मला शंका आहे, मात्र तसे ठामपणे म्हणण्याइतका माझा अनुभव नाही. साडेतीन आणि साडेचार यांत निवड करताना आपण प्रथम काय पाहता? आणि उन्हाळ्यातील छायाचित्रांना किती महत्त्व द्यावे?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय आपल्याकडे अनुभवाचा राहिलेला नाही, म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या आणि प्रत्यक्ष शिकार करणाऱ्या वाचकांना ही विनंती आहे. शिकार असावी की नसावी, ही चर्चा महत्त्वाची असली तरी ती कृपया स्वतंत्र धाग्यावर व्हावी.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. ऑगस्टच्या छायाचित्रांवरून वय ठरवू नये, कारण त्या काळात नर अंगाने हलका असतो, उन्हाळी तांबूस कातडीवरचे केस आखूड असतात आणि जवळजवळ प्रत्येक नर आहे त्याहून लहान दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करडे हिवाळी केस येतात, माजाचा काळ जवळ येतो तशी मान फुगू लागते, आणि मग वयाची लक्षणे उघडी पडतात. आपल्या भागात माज नोव्हेंबरमध्ये असतो, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यातील छायाचित्रे सर्वांत विश्वासार्ह समजावीत.

साडेतीन आणि साडेचार यांत मी प्रथम मान जेथे खांद्याला मिळते ती जागा पाहतो. साडेतीनच्या नराची मान फुगलेली असली तरी मान कोठे संपते आणि खांदा कोठे सुरू होतो हे स्पष्ट दिसते. छाती पुठ्ठ्यांहून खोल असते, पण कंबर आत ओढलेली राहते. साडेचारला मान खांद्यात मिसळू लागते आणि पोटाची रेषा छातीच्या रेषेशी जवळजवळ समान होते. मागच्या पायांच्या आतील बाजूस असलेल्या टार्सल ग्रंथी माजात काळ्या पडतात आणि मोठ्या नरांत तो डाग अधिक पसरतो, परंतु एकट्या त्या खुणेवर विसंबू नये.

फीडरवरची छायाचित्रे बाजूला ठेवावीत असे माझे स्पष्ट मत आहे. मान खाली असली की पोट लोंबल्यासारखे आणि खांदे उंच दिसतात, आणि मका खाऊन फुगलेले पोट वयाची खोटी साक्ष देते. कॅमेरा फीडरऐवजी येण्याजाण्याच्या वाटेवर, हरणाच्या छातीच्या उंचीवर, वाटेला काटकोनात लावा. मान वर करून चालणारा, पूर्ण आडवा नर दिवसाच्या उजेडात मिळाला, तरच मत बनवा.

आणि एक. ज्यांना हे काम अनेक वर्षे जमते त्यांच्यातही याच दोन वयांवरून मतभेद होतात. रँचवर मारलेल्या प्रत्येक नराचा खालचा जबडा जपून ठेवा. दुधाच्या दाढा पडून कायमच्या येण्याचा क्रम दीड वर्षापर्यंतचे वय खात्रीने सांगतो; पुढे दाढांच्या झिजेवरून अंदाज करतात आणि वय वाढते तशी त्यात चूक वाढते. प्रयोगशाळेत पुढच्या दाताचा छेद घेऊन सिमेंटमचे (दाताच्या मुळावरील कठीण आवरणाचे) थर मोजणे हा त्याहून बरा मार्ग आहे. छायाचित्रावरून केलेला अंदाज आणि जबडा हंगामानंतर शेजारी ठेवून पाहिले, तरच आपली नजर तयार होते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. मान आणि खांदा यांमधील रेषेचा निकष मी लावून पाहिला. दिवसाचे एकमेव उपयोगी छायाचित्र आहे त्यात ती रेषा ठळक दिसते आणि कंबरही आत आहे. तरीही एका छायाचित्रावर न थांबता दोन कॅमेरे ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर हलवले आहेत. महिनाअखेरपर्यंत स्पष्ट छायाचित्र मिळाले नाही, तर हा नर न मारण्याच्या यादीत राहील, हे रँचमालकांनी मान्य केले आहे. गोळी झाडल्यावर निर्णय फिरवता येत नाही, आणि एक वर्ष थांबल्याने कोणाचेही नुकसान नाही.

एक प्रश्न उरतो. हिवाळ्याच्या अखेरीस शिंगे गळतील आणि पुढच्या वर्षी नवी शिंगे वेगळ्या घडणीची येऊ शकतील. त्याच्या उजव्या कानाच्या कडेला एक खाच आहे, ती मी नोंदवली आहे. गळ्यावरील पांढरा पट्टा आणि डोळ्याभोवतीची वलये वर्षानुवर्षे ओळख पटवण्याइतकी स्थिर राहतात का, हे कोणी आपल्या नोंदींवरून सांगू शकेल का?