जीपीओचा घुमट म्हणजे गोलघुमटाची नक्कल का?

पायपीट: काल मुंबईत बोरीबंदरच्या जीपीओत, म्हणजे मोठ्या पोस्टात, स्पीडपोस्ट करायला गेलो होतो. रांगेत मान वर केली ती तशीच राहिली. मागच्या काकांनी ढोसलं, "सरका पुढे, घुमट कुठे पळत नाही." वर म्हणाले, ही विजापूरच्या गोलघुमटाची नक्कल आहे. खरंय का? मी आजवर हिला शेजारच्या सीएसएमटी स्टेशनाची धाकटी बहीण समजत होतो.

जुना ठप्पेवाला: काका चुकले नाहीत, पण 'नक्कल' मला झोंबलं. माझी २२ वर्षं त्याच घुमटाखाली गेली. स्टेशन १८८० च्या दशकातलं, वास्तुकार स्टीव्हन्सचं, गॉथिक म्हणजे युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीचं. जीपीओचं काम १९०४ ला सुरू झालं आणि १९१३ ला संपलं. आराखडा जॉन बेगचा, हाताशी जॉर्ज विटेट. तोवर साहेबांची आवड फिरली होती: सरकारी इमारतीला इथलेच घुमट, इथल्याच कमानी. त्यालाच इंडो-सारासेनिक म्हणतात. तेव्हा बहीण नाही, फार तर शेजारीण.

आत मधला हॉल १२० फूट उंच. पण मला विचाराल तर दगड बघा. काळा बेसाल्ट इथलाच, पिवळा कुर्ल्याचा, पांढरा ध्रांगध्र्याचा. पावसात काळा आणखी काळा होतो आणि पिवळा असा उठतो की बस. उन्हात कसले फोटो काढता! खर्च तेव्हा १८ लाख ९ हजार आला म्हणतात.

भीमाकाठ: आम्ही विजापूरच्या अंगाचे, म्हणून नाक खुपसतो. गोलघुमट १६५६ चा, मुहम्मद आदिलशहाची कबर. बाहेरून व्यास ४४ मीटर आणि आत आधाराला एक खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी तो पेललाय. वरच्या सज्जात कुजबुजलं तरी समोरच्याला ऐकू येतं. जीपीओत येतं का?

जुना ठप्पेवाला: कुजबुज? अहो, आमच्याकडे "रजिस्टर करायचंय" हे खिडकीतून ओरडून सांगावं लागायचं. सकाळी ठप्पे सुरू झाले की आवाज वर घुमायचा, त्यात कबुतरांची फडफड.

पायपीट, विजापूर लांब पडत असेल तर काळा घोड्यापर्यंत चाला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय विटेटचंच, त्याचा घुमट गोवळकोंड्याच्या धर्तीचा, पण आतल्या कमानी गोलघुमटावरून घेतलेल्या.

पायपीट: रविवारी जातो. पाऊस असला तर आधी जीपीओ.