अनुभव धागा: नागपुरात रोजच्या कामाला क्रोमबुक

धागाकर्ती, धरमपेठ

वीस हजारांच्या आतबाहेर मिळणारं क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) घरातला एकमेव संगणक म्हणून पुरतं का, हा प्रश्न दर जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडायच्या सुमाराला निघतोच. दुकानदार 'सगळं क्लाउडवर' म्हणतो, भाचा 'ते खेळणं आहे' म्हणतो, आणि घेणारा मधल्यामध्ये अडकतो. नागपुरात जे हे यंत्र रोज वापरतात, विकतात, उघडून दुरुस्त करतात त्यांनी इथे नेमकं लिहावं: काय चालतं, काय अडतं आणि का अडतं.

माझ्याकडून पहिली गोष्ट. किंमत बघायच्या आधी अपडेटची शेवटची तारीख बघा. २०२१ पासूनच्या मॉडेलांना गूगल १० वर्षं अपडेट देतं, पण ती १० वर्षं त्या मॉडेलचा मूळ हार्डवेअर प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. सेटिंग्ज, मग 'क्रोमओएसविषयी', मग अधिक तपशील. तिथे महिना आणि वर्ष स्पष्ट लिहिलेलं असतं. तारीख उलटली म्हणून यंत्र बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात. बँकेचे व्यवहार त्यावर करायचे असतील तर हा मुद्दा हलक्यात घेऊ नका.

दुरुस्तीवाला, सीताबर्डी

ताईंनी तारखेचं बरोबर सांगितलं. जुना माल घेणाऱ्यांसाठी मी पुढचं लिहितो.

सेकंडहँड क्रोमबुकमधला बराच माल शाळा-कंपन्यांतून निघालेला राहते. त्या यंत्राचा क्रमांक त्या संस्थेच्या गूगल खात्यात नोंदलेला असला, तर फॅक्टरी रीसेट करा की पेनड्राइव्हवरून सिस्टिम नव्याने टाका, इंटरनेट लागताच ते पुन्हा त्याच संस्थेचा लॉगइन मागते. ती नोंद फक्त संस्थेचा ॲडमिनच काढू शकते, बाजारातला कोणी नाही. म्हणून दुकानातच तपासा. लॉगइनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा, पॉवरवॉश करा (म्हणजे आतलं सगळं पुसून यंत्र नव्यासारखं करा), मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि पहिला सेटअप आपल्या डोळ्यांसमोर शेवटपर्यंत होऊ द्या. मध्येच संस्थेचा ईमेल मागितला, किंवा पॉवरवॉशच बंद करून ठेवलेला दिसला, तर यंत्र काउंटरवर ठेवा आणि निघा. चालू होताना 'पडताळणी बंद आहे' असा पडदा आला तर ते डेव्हलपर मोडमध्ये, म्हणजे सुरक्षेची तपासणी बंद केलेल्या अवस्थेत आहे. तो मोड घालवून द्यायला विक्रेत्यालाच सांगा, कारण त्यात आतलं सगळं पुसलं जाते.

स्वस्त मॉडेलांत रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेलं राहते. मागून वाढवू म्हणाल तर जमत नाही भाऊ, ४ जीबी घेतलं की शेवटपर्यंत ४ जीबीच. माझं मत विचाराल तर आज ८ जीबी आणि ६४ जीबी स्टोरेजच्या खाली जाऊ नका.

आता बॅटरी. 'डायग्नोस्टिक्स' नावाचं ॲप आधीपासून असते, त्यात बॅटरीची तब्येत टक्क्यांत आणि चार्जिंगची आवर्तनं दोन्ही दिसतात. त्याच्या जोडीला डोळ्यांनीही पाहा. यंत्र काचेच्या काउंटरवर ठेवा. चारही रबरी पाय टेकले पाहिजेत. डुगडुगत असलं, किंवा टचपॅडचं क्लिक एका बाजूला घट्ट लागत असलं, तर आत बॅटरी फुगली असं समजा. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत लॅपटॉप ठेवला की हेच होते.

उन्हाचं म्हणाल तर बहुतेक स्वस्त क्रोमबुकांत पंखा नसतो. धूळ ओढली जात नाही हा फायदा, पण पारा ४५ च्या वर गेला की चिप स्वतःचा वेग कमी करते आणि लोकांना वाटते यंत्र बिघडून राहिलं. गादीवर, उशीवर ठेवू नका, टणक टेबलावर ठेवा. आणि कूलरच्या झोतात तर अजिबात नाही. कूलरमधून हवेबरोबर बारीक थेंब येतात, बोअरच्या पाण्यातला क्षार टाइप-सी पोर्टच्या पिनांवर पांढरा जमतो, मग चार्जर लावला तर कधी घेते, कधी नाही.

हिशेबनीस, प्रतापनगर

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, क्रोमबुकवर बसत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचं (सही साठवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) सॉफ्टवेअरही नाही. एकट्या मालकाच्या फर्मला जीएसटी विवरण मोबाइलवरच्या ओटीपीने भरता येतं, तिथे क्रोमबुक पुरतं. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर टोकन लागतंच.

यावर चालणारा मार्ग असा. ऑफिसात एक विंडोज संगणक चालू ठेवायचा, त्याचा स्लीप 'कधीच नाही' वर टाकायचा, टोकन त्यालाच लावायचं आणि क्रोम रिमोट डेस्कटॉपने (दूरचा संगणक इथून चालवायची गूगलची सोय) आत शिरायचं. हा प्रकार ऑफिसच्या संगणकाचा आहे तोच पडदा दाखवतो, म्हणून टोकन दिसतं. विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने गेलात तर तिकडे लावलेलं टोकन सापडत नाही, कारण तो जोडलेली कार्डं तुमच्या बाजूला शोधतो. सही मात्र ज्याच्या नावाचं टोकन आहे त्यानेच करायची, पिन वाटत फिरायचा नाही.

एक्सेलच्या मॅक्रोवाल्या (नेहमीची कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम असलेल्या) फायली गूगल शीट्समध्ये उघडतात, पण मॅक्रो चालत नाही. शीट्सची मर्यादा एका फाइलला १ कोटी सेलची आहे. ४ जीबीचं यंत्र त्याच्या खूप आधी धापा टाकतं.

टंकलेखक, सिव्हिल लाइन्स

मराठीत काम करणाऱ्यांनी हे आधी पाहावं. जुने अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फॉन्टात साठवलेली असतील तर गूगल डॉक्समध्ये ती निव्वळ रोमन अक्षरांची खिचडी दिसतात. फॉन्ट शोधून उपयोग नाही, मजकूरच युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीत) नाही. विंडोज संगणक हाताशी आहे तोवर सगळ्या फायली एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलताना रफार, पोटफोडा ष आणि जोडाक्षरं ओळीने तपासा, चुका तिथेच राहतात. पीडीएफ मात्र जशीच्या तशी दिसते, कारण त्यात फॉन्ट आतच भरलेला असतो.

नवीन टायपिंगला अडचण नाही. सेटिंग्जमध्ये भाषा आणि इनपुटमधून मराठी जोडा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसने इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

शिकवणी घेणारी, महाल

ऑनलाइन तासाला ४ जीबीचं यंत्र अडखळतं, त्यात दोष बहुधा नेटचा नसतो. गूगल मीटमध्ये पार्श्वभूमी धूसर करणं बंद करा, सगळ्यात जास्त ताण त्याचाच. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पाठवायच्या चित्राची प्रत ३६०पी वर आणा. सर्च आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो; मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की कोणती टॅब खाते आहे ते वर येतं. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्समधला मेमरी सेव्हर (न वापरलेल्या टॅब झोपवणारी सोय) चालू ठेवा, पण ज्या टॅबवर फॉर्म अर्धा भरलाय ती त्यातून वगळा.

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, हिंगणा रोड

सेटिंग्जच्या डेव्हलपर विभागातून लिनक्स (विंडोजसारखी, पण फुकट मिळणारी सिस्टिम) चालू करता येतं, आत त्याचा डेबियन हा प्रकार असतो. सी, पायथन, जावाची प्रॅक्टिकलं व्यवस्थित होतात. ते मुळात १० जीबी जागा सुचवतं, म्हणजे ३२ जीबीच्या यंत्रात श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. पॉवरवॉशमध्ये लिनक्सही पुसलं जातं, त्याचा बॅकअप लिनक्सच्याच सेटिंगमधून काढून बाहेर ठेवा. आणि परीक्षा देताना ब्राउझर कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर लागणार असेल तर आधी विचारून घ्या. त्यातली बरीच विंडोज आणि मॅकपुरतीच आहेत.

सेवा केंद्र चालक, नंदनवन

दोन ओळीत. दाखल्यांचे अर्ज, कागदपत्रं चढवणं, पावती काढणं जमतं. आधारसाठी बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र जोडता येत नाही, त्याची सेवा विंडोज किंवा अँड्रॉइड मोबाइलवरच चालवा.

धागाकर्ती, धरमपेठ

घरच्यांनी वापरताना पासवर्ड आणि जागा या दोन बाबी फार नडतात, त्या कोणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते.

गूगलचा पासवर्ड मोबाइलवरून बदलला की क्रोमबुक जुनाही पासवर्ड एकदा मागतं, कारण यंत्रातल्या फायली जुन्याने कुलूपबंद असतात. जुना विसरलात तर खातं उघडेल, पण 'डाउनलोड्स'मधलं हाती लागेलच असं नाही. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा.

'डाउनलोड्स' फोल्डर आपोआप गूगल ड्राइव्हवर (गूगलच्या ऑनलाइन साठवणीत) जात नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. जागा अगदी संपत आली तर सिस्टिम बरेच दिवस न उघडलेलं खातं त्याच्या फायलींसकट यंत्रावरून काढून टाकते. आजोबांचं खातं वर्षातून दोनदा उघडत असेल तर त्यांचं सगळं ड्राइव्हवरच ठेवा. फुकटची १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. ती भरली की येणारी मेलही थांबते.

दुरुस्तीवाला, सीताबर्डी

एकाने फोनवर प्रिंटरचं विचारलं, इथेच सांगतो. वाय-फायवाला, एअरप्रिंट (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) चालणारा प्रिंटर लगेच सापडते. जुना यूएसबी लेझर, ज्याला स्वतःचा विंडोज ड्रायव्हर लागते, तो बहुधा चालणार नाही. गूगलची क्लाउड प्रिंट सेवा २०२० च्या अखेरीस बंद झाली, त्यामुळे तो जुना उपाय सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

घरून काम करणारा, मानेवाडा

लाइट गेली तरी यंत्र बॅटरीवर चालतं, राउटर बंद पडतो. म्हणून ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन आधीच चालू करा आणि लागणाऱ्या फायलींवर 'ऑफलाइन उपलब्ध' ठेवा. नेट गेल्यावर हे करता येत नाही. हॉटस्पॉटवर असताना त्या वाय-फायला 'मीटर्ड' (मोजका डेटा असलेलं) करा, नाहीतर मोबाइलचा दिवसाचा डेटा अपडेट गिळून टाकतं. मीटिंगला तासाला एक जीबी सहज जातो, लिहिण्याला जवळपास काहीच नाही.

चार्जर हरवला तर ४५ वॉटचा टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर घ्या. मोबाइलच्या फास्ट चार्जरवर पीडी लिहिलेलं नसेल तर 'कमी शक्तीचा चार्जर' असा इशारा येतो आणि काम चालू असताना टक्के उलटे उतरतात.

राउटरला छोटा यूपीएस लावता येतो, पण आधी ॲडॅप्टरवरचा छापा वाचा: बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. यूपीएसचा व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त. पिनचं टोक अधिक की उणे याची खूण दोन्हीवर एकसारखी आहे का, ते जोडण्याआधी पाहा.