मदत हवी आहे: जमशेदपूर, भुवनेश्वर, कोलकाता एकाच फेरीत. सामने आणि गाड्या जुळत नाहीत

आझादनगर_उतरा
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो, रिझर्व्हेशन रोज भरत चाललंय.

पूर्वेकडची तीन फुटबॉल स्टेडियम एका फेरीत करायची आहेत. शनिवारी जमशेदपूरला सामना, मधल्या बुधवारी भुवनेश्वर, पुढच्या शनिवारी कोलकात्याचं सॉल्ट लेक. अडचण अशी की जमशेदपूरहून हावडा, हावड्याहून भुवनेश्वर आणि तिथून परत हावडा, असं त्याच रुळांवरून मागेपुढे करावं लागतंय. शिवाय एका सामन्याची तारीख हलली की पुढचं सगळं ढासळतं. तिकिटं आत्ता काढू का थांबू? क्रम कसा लावू?

अंधेरी, नेरूळ, बालेवाडी, फातोर्डा, कांतीरवा, कोची झालंय. त्यामुळे बाटली आत नेऊ देत नाहीत वगैरे प्राथमिक माहिती नको. ‘गूगल करा’ हेही नको, तेच करून इथे आलोय.

मीनल_पार्ले
किती जण? कुठला महिना? रजा किती? स्लीपर, एसी का विमान? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

गाडीवेडा_कल्याण
क्रम आहे तोच बरोबर आहे. तुम्ही प्रत्येक वेळी हावडा मध्ये घालून शोधताय, म्हणून मागेपुढे वाटतंय. पुरुषोत्तम एक्स्प्रेस आणि उत्कल एक्स्प्रेस या दोन्ही टाटानगरहून (जमशेदपूरचं स्टेशन) बालासोरमार्गे थेट भुवनेश्वरला जातात, हावड्याला जायचा प्रश्नच नाही. बुधवारचा सामना झाला की पुरी–हावडा वंदे भारत भुवनेश्वरला पकडा. २०२३ पासून सुरू आहे, फक्त आठवड्यातला सुट्टीचा दिवस तपासून घ्या.

जाताना गीतांजली. सीएसएमटीहून सकाळी सहाला सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी टाटानगर. पण शुक्रवारची घेऊ नका, गुरुवारची घ्या. लांब पल्ल्याची गाडी नागपूरच्या पुढे पाच-सहा तास मागे पडू शकते, आणि शनिवारी दुपारी तुम्ही चक्रधरपूरच्या आउटरला उभे असाल तर सामन्याचं तिकीट वाया.

तारीख हलायची भीती असेल तर उलट रेल्वेचंच तिकीट आत्ता काढा. भरपूर आधी रद्द केलंत तर थ्री एसीचे माणशी दोनशेच्या आत कापतात. विमानाच्या स्वस्त तिकिटात बहुतेक सगळेच पैसे जातात. आणि पूर्वीसारखे १२० दिवस हातात नाहीत, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच खिडकी उघडते. थांबलात तर वेटिंग.

तालीमवाला
एवढं लांब कशाला जायचं म्हणतो मी. रात्री महालक्ष्मीत बसा, सकाळी कोल्हापुरात उतरा. शाहू स्टेडियमवर आमच्या तालमींचे, म्हणजे फुटबॉल क्लबांचे सामने: पाटाकडील आणि खंडोबा, दिलबहार आणि शिवाजी तरुण मंडळ, कुठलाही सामना बघा. पेठच्या पेठ मैदानात असते. पोरगं चालायला लागलं की त्याला तालमीचा रंग कळतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा. सहा स्टेडियम झाली म्हणताय त्यात शाहू नाही, याचं वाईट वाटलं. या की एकदा.

आझादनगर_उतरा
@गाडीवेडा_कल्याण, पुरुषोत्तमचं डोक्यातच आलं नव्हतं. हे बघतो लगेच.
@मीनल_पार्ले, मार्च. दोघं. रजा मंजूर आहे. बजेट मध्यम.
@तालीमवाला, कोल्हापूर करायचंच आहे, पण या फेरीत नाही.

टेम्सकाठी
इंग्लंडमध्ये ही गोष्ट फार शिस्तीत करतात. प्रीमियर लीगचे २० आणि खालच्या तीन विभागांचे प्रत्येकी २४ असे ९२ क्लब. त्या सगळ्यांच्या मैदानावर सामना पाहिलेल्यांचा क्लब आहे. नुसती स्टेडियमची टूर केली तर धरत नाहीत. तिकडे जायचं ठरलं तर आधी क्लबची मेंबरशिप घ्या, कारण मोठ्या क्लबांची तिकिटं उघड विक्रीला येतच नाहीत. बाहेर कोणाकडून घेऊ नका, परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट पुन्हा विकणं तिथे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. व्हिसाला किती वेळ लागतो तेही लिहू का?

मीनल_पार्ले
नको, त्यांना टाटानगरला जायचंय.
@आझादनगर_उतरा, दोघं म्हणजे कोण? दोन मित्र असाल तर वरचा सल्ला चालेल. लहान मूल असेल तर नाही चालणार.

निळा_स्कार्फ
अवांतर: बालेवाडीला कुठला? १८ सप्टेंबर २०२३ चा, इराणच्या नसाजीबरोबरचा? मी पण होतो. एशियन चॅम्पियन्स लीगचा मुंबईचा घरचा सामना पाहायला आम्ही द्रुतगती मार्गाने पुण्याला गेलो होतो! नंतर अल हिलाल नेरूळला आलं तेव्हा त्यांच्या नेमारचा गुडघा गेलेला, पण स्टेडियमबाहेर त्याच्या नावाचे शर्ट विकले जात होते.

आणि सॉल्ट लेकला जाताय तर आतूनच शहारा येतो बघा. ४ मे २०२४, आयएसएलची (इंडियन सुपर लीग) फायनल, मोहन बागान विरुद्ध आपली मुंबई सिटी. कमिंग्सने मोहन बागानला पुढे नेलं आणि सगळं स्टेडियम हिरवं-मरून झालं. दुसऱ्या अर्धात परेरा डियाझ, मग बिपिन, शेवटी वोयतुस. ३-१. एवढं मोठं स्टेडियम गप्प होताना ऐकलंय मी. आम्ही मूठभर होतो, घसा दोन दिवस बसला होता.

आझादनगर_उतरा
@निळा_स्कार्फ, हो, नसाजीचाच.
@मीनल_पार्ले, वडील आहेत सोबत. ७२ वय. एका गुडघ्याची वाटी बदललीये, आता बरे आहेत, काठी घेऊन चालतात. त्याने गाड्यांच्या क्रमात काय फरक पडतो?

मीनल_पार्ले
सगळाच फरक पडतो हो! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. सव्वीस-सत्तावीस तासांची गाडी, मग पुन्हा रात्रभराची गाडी, मग स्टेडियमच्या पायऱ्या. माझा आग्रह आहे, विमानानेच जा. जमशेदपूरसाठी रांचीला उतरा, तिथून रस्त्याने साधारण १३० किलोमीटर, तीन तास. कोलकात्याहून परत थेट मुंबई. मी सासूबाईंना घेऊन पुरीला गेले होते, गाडीतल्या टॉयलेटमध्ये वाकताना त्यांचे जे हाल झाले ते विसरले नाही अजून.

गाडीवेडा_कल्याण
विमानात अडीच-तीन तास गुडघा दुमडून बसायचं, मग टॅक्सीत पुन्हा तीन तास दुमडून. गाडीत लोअर बर्थवर पाय लांब करून पडता येतं, तासाने उठून पॅसेजमध्ये चार पावलं टाकता येतात. डब्याच्या एका टोकाला कमोड असतो.

फक्त तिकीट एकत्र काढू नका, इथे बहुतेकजण फसतात. लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे, ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वरच्या बायकांना, पण ज्येष्ठ व्यक्ती एकटी किंवा तशाच दोघी-दोघं एका तिकिटावर असतील तरच. तुमचं नाव त्यांच्या तिकिटावर आलं की तो कोटा गेला. वडिलांचं स्वतंत्र काढा, त्यात लोअर मिळाल्यावर त्याच गाडीत तुमचं वेगळं काढा आणि टीटीईला विचारून जवळ सरका. भाड्यातली सवलत विचाराल तर ती मार्च २०२० पासून बंद आहे.

मीनल_पार्ले
आणि वेगवेगळ्या डब्यांत आले तर? रात्री त्यांना उठायचं असेल तेव्हा मुलगा तीन डबे पलीकडे. हे कागदावर सोपं दिसतं.

हाडवैद्य_नाही_फिजिओ
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. बदललेल्या गुडघ्याला प्रवास झेपतो, एकाच स्थितीत खूप वेळ राहणं झेपत नाही. गाडी असो वा विमान, दर तासाला उभं राहायचं, घोटे गोल फिरवायचे, पाणी प्यायचं. ऑपरेशनला किती महिने झाले? तीन महिन्यांच्या आत असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय लांबचा प्रवास नको. आणि सांध्यात धातू आहे, विमानतळावर आणि मेटल डिटेक्टर असलेल्या कुठल्याही गेटवर वाजणार. आधीच सांगायचं, डिस्चार्ज कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवायचा.

आझादनगर_उतरा
दीड वर्ष झालं. डॉक्टरांची हरकत नाही. वडिलांना विचारलं, ते गाडीनेच म्हणतात.

नेरूळकर_सदा
गाड्यांवर भांडून झालं असेल तर बसायचं कुठे ते बघा, कारण खरा त्रास तिथे आहे. अंधेरीला आपण मैदानाला चिकटून बसतो, थ्रो-इन घेणारा खेळाडू काय पुटपुटतो तेही ऐकू येतं. ही तिन्ही तशी नाहीत. जमशेदपूर, भुवनेश्वरचं कलिंगा, सॉल्ट लेक, तिन्हीकडे मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी आहे. काठीवाला माणूस आहे म्हणून आपण सहज खालची रांग घेतो. तिथून पलीकडच्या बाजूला नुसती डोकी हलताना दिसतात, चेंडू कुठे आहे तेच कळत नाही. कांतीरवाला हा अनुभव आलाच असेल तुम्हाला. मधल्या रांगा घ्या, रांगेतली कडेची खुर्ची घ्या म्हणजे पाय वाटेत सोडता येतो, आणि गेट उघडल्या उघडल्या आत जा. चढायचं ते रिकाम्या जिन्यावर, सावकाश. सॉल्ट लेकला स्टँडवर जायला रॅम्प आहेत, पण बाहेरच्या गेटपासून स्टँडपर्यंतच चालणं भरपूर आहे. संपल्यावर घाई नको, निम्मं स्टेडियम उतरेपर्यंत बसून राहा.

हावड्याहून टॅक्सी करू नका. ग्रीन लाइन मेट्रो नदीखालून येते, ऑगस्ट २०२५ पासून मार्ग अखंड झाला, आता थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्टेशनला उतरता. लिफ्ट आहे.

काळजीवाहू
७२ वर्षांच्या माणसाला कोलकात्याच्या गर्दीत नेऊ नका असं माझं स्पष्ट मत. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगालच्या सामन्यात १६ जण गेले होते. तिथलं वेड वेगळं आहे.

निळा_स्कार्फ
ती डर्बी होती, एकाच शहरातल्या दोन क्लबांची लढत, आणि त्याला चार दशकं उलटली. यांचा सामना कोणाबरोबर आहे ते तर कळू द्या. @आझादनगर_उतरा, डर्बी आहे का?

आझादनगर_उतरा
डर्बी नाही. मोहन बागान विरुद्ध आपण, मुंबई सिटी.

निळा_स्कार्फ
मग आकाशी शर्ट बॅगेत ठेवा, आत आपल्या लोकांत बसलात तरच काढा. वडिलांना साधा पांढरा सदरा. हिरवा नको, ईस्ट बंगालचा लाल-पिवळा तर मुळीच नको. लोक चांगले आहेत, म्हाताऱ्या माणसाला जागा करून देतात, बोलायला लागले की थांबत नाहीत.

कूपरेजचा_कठडा
अरे बाबा, वडील ७२ चे, फुटबॉलचे शौकीन, म्हणजे कूपरेजवाले असणार. विचार त्यांना, तिथल्या रोव्हर्स कपच्या सामन्यांना कुठे उभे राहायचे?

आझादनगर_उतरा
हो काका, कूपरेजच. ते फोर्टला नोकरीला होते, सुटल्यावर डबा हातात घेऊनच जायचे. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन तिघंही रोव्हर्सला यायचे, तेव्हा यांनी जवळून पाहिलेत. ते म्हणतात, ती माणसं दर वर्षी आपल्याकडे आली, मी एकदाही त्यांच्या मैदानावर गेलो नाही. म्हणून ही फेरी. माझी स्टेडियमची यादी वगैरे नंतर, कोलकाता चुकता कामा नये एवढंच आहे. जमशेदपूर किंवा भुवनेश्वर गळलं तरी चालेल.

मीनल_पार्ले
हे आत्ता सांगताय! मग प्रश्नच वेगळा आहे. कोलकात्याचा सामना खुंटा धरा आणि बाकीचं त्याला बांधा. तो शनिवार हलला तर बाकी दोन्ही सोडून द्यायची तयारी ठेवा, आणि परतीचं तिकीट रविवारचं नको, मंगळवारचं काढा.

कूपरेजचा_कठडा
१८९१ सालचा कप होता तो. मफतलाल, महिंद्रा, ऑर्के मिल्स, केवढे संघ होते मुंबईत. कप गेला, २०१० ला महिंद्रा युनायटेडही बंद झाला. तुझ्या वडिलांना म्हणावं सॉल्ट लेक बघाच, पण आदल्या दिवशी सकाळी कोलकात्याच्या ‘मैदान’ भागातही जा. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन, तिघांचे तंबू (क्लबची कार्यालयं) आणि मैदानं एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत. रोव्हर्सला यायचे ते संघ तिथले. १९११ ला गोऱ्या पलटणीला २-१ हरवून आयएफए शील्ड आणली त्या मोहन बागानचा तंबू आहे तिथे. सामना नसला तरी यादीत धर, इंग्लंडवाल्यांनी धरो न धरो.

टेम्सकाठी
सामना नसेल तर खरंच धरत नाहीत.

झारखंडात_होतो
उशिरा पाहिला धागा. मार्च ऐवजी जुलै-ऑगस्ट जमेल का? ड्युरँड कपचे गटातले सामने २०२४ आणि २०२५ ला कोलकाता आणि जमशेदपूर दोन्हीकडे होते. एकाच पंधरवड्यात दोन्ही शहरांत भरपूर सामने, एखादा हलला तरी दुसरा मिळतो. जमशेदपूरहून सकाळची स्टील एक्स्प्रेस धरली की चार-साडेचार तासांत हावडा. पण मुंबई सिटी प्रत्येक वर्षी उतरतेच असं नाही, आणि पाऊस मुंबईसारखाच.

आझादनगर_उतरा
पावसात ओल्या पायऱ्यांवर वडिलांना नाही नेणार. मार्चच.

आत्ता एवढं केलं: गुरुवारची गीतांजली, वडिलांना स्वतंत्र तिकिटावर लोअर मिळाली, माझी त्याच डब्यात साइड अपर. टाटानगर–भुवनेश्वर पुरुषोत्तम, तिथेही दोन तिकिटं. वंदे भारत खिडकी उघडली की काढतो. परतीला विमान, मंगळवारचं, तारीख बदलता येणारं, थोडे पैसे जास्त गेले. कोलकात्यात शुक्रवार ‘मैदान’ भागासाठी मोकळा ठेवलाय. सामन्यांची तिकिटं विक्रीला आलेली नाहीत. सॉल्ट लेकला रॅम्पच्या जवळचा स्टँड कुठला ते कोणी नक्की सांगू शकेल का? आणि जमशेदपूरला बिष्टुपूरमध्ये लिफ्ट असलेलं हॉटेल?

झारखंडात_होतो
हॉटेलचं व्यनि करतो.

गाडीवेडा_कल्याण
बोर्डिंग सीएसएमटी ठेवलंय का? अंधेरीहून येणार असाल तर दोन्ही तिकिटांवर दादर करून घ्या. वडिलांना पहाटे सीएसएमटीपर्यंत नेण्यात अर्थ नाही, गीतांजली दादरला थांबते. मात्र तिथे फार वेळ थांबत नाही, तेव्हा डबा कुठे येतो ते इंडिकेटरवर बघून आधीच तिथे उभे राहा. सामान तुम्ही नंतर चढवा, आधी त्यांना चढू द्या.

तालीमवाला
आणि परत आल्यावर कोल्हापूर. वडिलांना घेऊन या, शाहू स्टेडियमवर त्यांना कडेची खुर्ची मी धरून ठेवतो.