स्कॅडनंतरचा व्यायाम व्हिडिओ कॉलवर: सोय की धोका?

रानवारा: सात महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला. वय ४४, कोलेस्टेरॉल ठीक, बीपी ठीक. अँजिओग्राफीत चरबीचं ब्लॉकेज नव्हतंच. धमनीच्या भिंतीचे पदर सुटून मध्ये रक्त साचलं होतं. याला स्कॅड म्हणतात, आणि रुग्णांमध्ये दहापैकी नऊ बायका. हृदयरुग्णांसाठीच्या पुनर्वसनाच्या (व्यायाम आणि सल्ल्याच्या) वर्गात गेले तर सगळे सत्तरीचे काका आणि भाषण सिगारेट सोडण्यावर. मी जन्मात ओढली नाही. तिसऱ्या दिवशी जाणं बंद. आता स्कॅड माहीत असलेली फिजिओ व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेते. आमच्यासारख्यांना आधी हाच मार्ग सुचवावा, असं माझं मत.

ठोका_मोजणारी: मीही हृदयरुग्णांचे व्यायाम घेते. ‘आधी’ शब्द खटकला. स्कॅड पुन्हा होऊ शकतो. सुरुवातीचे काही दिवस ईसीजी लावून, समोर उभं राहूनच व्यायाम घ्यावा. चेहऱ्याचा रंग उतरलेला कॅमेऱ्यात कळत नाही. त्यातून बायका ‘बरी आहे’ म्हणण्यात पटाईत!

जुना_खेळाडू: घरी व्यायाम म्हणजे चार दिवसांचा उत्साह.

रानवारा: वर्गात तर मी तीनच दिवस टिकले.

पाळणा: मला बाळंतपणानंतर पाचव्या आठवड्यात झाला. ‘जड उचलू नका’ एवढंच सांगून घरी पाठवलं. बाळ जड की हलकं? कुणी सांगेना. महिनाभर त्याला उचलायलाही घाबरत होते. शेवटी कॉलवर फिजिओताईंनी पाळण्याशेजारी मोबाइल ठेवायला लावला आणि उचलताना श्वास न रोखता हळूहळू कसा सोडायचा, ते करून घेतलं. हॉस्पिटलच्या ट्रेडमिलवर हे कसं शिकले असते?

ठोका_मोजणारी: नसतं जमलं. मान्य. पण आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्ट्रेस टेस्ट (व्यायाम करवून हृदयाची तपासणी), मगच कॉल, ही माझी अट राहणार. आणि घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका, बीटा ब्लॉकर या ठोके मंद करणाऱ्या औषधाने ते कमीच दिसतात.

रानवारा: म्हणून तर आम्ही बोर्ग स्केल वापरतो. ६ ते २० मध्ये किती दमले ते मीच सांगते, १२ ते १४ च्या पुढे जायचं नाही. बोलता आलं पाहिजे, गाता नाही आलं तरी चालेल. (मला एरवीही येत नाही.)

ठोका_मोजणारी: छान. कॉल चालू असताना घरात दुसरं कोण असतं?

रानवारा: कुणी नाही. सगळे कामावर.

ठोका_मोजणारी: मग अचानक छातीत दुखलं तर दार कोण उघडणार?

रानवारा: … शेजारी किल्ली ठेवते आजच.