मधपेट्या वाढल्या म्हणजे मधमाशी वाचली, हे मला पटत नाही

करवीरकाठ (धागा सुरू करणारा):
महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचे गाव' (घरोघरी मधपेट्या ठेवून मध काढणारं) ठरलं, मागोमाग आपल्या कोल्हापूरच्या भुदरगडातलं पाटगाव. आनंदच आहे. पण तेवढ्यावर माशी वाचली म्हणणं चूक. पाटगावला जंगल आहे, जांभूळ-हिरडा आहे, माशीला खायला आहे. उपासमार आहे ती खाली, करवीर-कागल-शिरोळच्या उसात. ऊस कांडीपासून येतो, त्याला माशी लागत नाही, आणि तुरा आला तरी त्यात मकरंद नसतो. पूर्वी बांधावर करंज, शेवगा, रानझुडपं असायची. आता निम्मा बांध नांगराखाली गेला आणि उरलेल्यावर तणनाशक. वर उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणी अळीसाठी जमिनीत औषध ओततात (आळवणी), त्यानंही माशी मरते. गुऱ्हाळावर गुळाच्या काहिलीत पडून मेलेल्या माश्या बघा, भुकेपायीच येतात त्या.

(आइन्स्टाइनचा 'माशी गेली की माणूस चार वर्षांत संपेल' हा फॉरवर्ड कृपया इथं टाकू नका. तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही.)

उसकरी:
झालं, आला उसावर! भावा, उसाला माशी लागत नाही हे तूच म्हणतोस, मग तिच्यासाठी मी कशाला ऊस मोडू? दुसऱ्या पिकाला हमखास दर कोण देतंय?

करवीरकाठ:
ऊस मोडा असं कुठं म्हटलंय? बांध सोडा म्हणतोय. आणि तुमच्याच गावात दोडका, कारली, भोपळा करणारे आहेत की. तिथं नर फुल वेगळं, मादी फुल वेगळं. माशी फिरली नाही तर फळ पिवळं पडून गळतं, नाहीतर वाकडं येतं. मग सकाळी उठून हातानं पराग लावत बसा, मजुरी कोण देणार?

आकडेमोड:
जरा थांबा. जगात पाळीव मधमाश्यांच्या पेट्या १९६१ पासून कमी नाही, वाढल्यात. अमेरिकेत २००६-०७ च्या सुमारास पेट्याच्या पेट्या रिकाम्या व्हायला लागल्या तेव्हापासून 'मधमाशी संपली' सुरू आहे. घाबरवणं बंद करा.

करवीरकाठ:
तुमचा आकडा बरोबर, पण तो पेटीतल्या माशीचा. रानातली आग्या माशी पेटीत राहतच नाही, फुलोरी माशीही नाही. त्यांची गणती कोण ठेवतंय? शिवाय टोमॅटो-वांग्याची फुलं थरथरवून पराग काढावा लागतो, ते मधमाशीला जमतच नाही, भुंग्यासारख्या रानमाश्या करतात. त्या गेल्या तर पेटी काय कामाची?

गारगोटीकर:
दादा, पेट्यांना इतकं हिणवू नका. पूर्वी आमच्याकडं मोहोळ म्हणजे मशाल लावून जाळायचं, पोळं पिळून अंडी-पिल्लांसकट मध काढायचा. पेटीत मधाची चौकट वेगळी निघते, पिल्लं राहतात. पेटीतली सातेरी ही आपल्या मातीतलीच माशी, बाहेरून आणलेली नाही. घरात चार पैसे आले म्हणून लोक जांभळीला कुऱ्हाड लावत नाहीत. हे तुमच्या बांधापेक्षा जास्त काम झालं.

करवीरकाठ:
ताई, जाळण्याचा मुद्दा मान्य. पण बऱ्याच पेट्या भरतात त्या झाडाच्या ढोलीतली वसाहत धरूनच. वसाहतींचं विभाजन करून वाढवा, रान रिकामं करू नका.

उसकरी:
आणि औषधाचं काय? उसाच्या फुलावर माशी बसत नाही, तर हुमणीच्या आळवणीनं ती मरते कशी? सगळं खापर आमच्यावर!

करवीरकाठ:
हुमणीला ओतता ते इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक जमिनीत राहतं, कडेच्या झाडाझुडपात भिनतं, तिथल्या परागात-मकरंदात उतरतं. युरोपियन युनियननं २०१८ मध्ये त्याच्यासह तीन औषधं उघड्या शेतात बंद केली ती माश्यांपायीच. इथं बंदी येईल तेव्हा येवो. निदान भाजीला फुलं असताना सकाळी फवारू नका, सांजच्याला फवारा. तेवढ्यानंही पुष्कळ वाचतात.

उसकरी:
सांजचं फवारणं जमंल, त्यात काय न्हाई. पण बांध सोडायचा म्हणतोस तो कुणाचा? आमच्यात चुलत्यानं दोन सऱ्या आत घेतल्यात, मोजणीचा अर्ज टाकून बसलोय. मोजणी हुईपर्यंत शेवगा लावला तर तो त्याचा का माझा, ते आधी सांग.